गुडघ्याची झीज: स्नायूंवरचा ताबा परत मिळवण्याचा सराव, पायरी पायरीने

गुडघे दुखायला लागतात, एक्स-रे निघतो, डॉक्टर सांगतात, 'झीज आहे, वजन कमी करा, मांडीचे स्नायू बळकट करा.' व्यायामाचा एक छापील कागद हातात पडतो आणि पाठीवर झोपून सरळ पाय उचलणं सुरू होतं. दोन महिन्यांनी हीच माणसं सांगतात की झोपून पाय छान उचलला जातो, घोट्याला किलो-दीड किलोचं वजन बांधलं तरी उचलला जातो, पण जिना उतरताना गुडघा अजूनही सुटल्यासारखा वाटतो आणि रिक्षातून उतरताना पायावर भरवसा वाटत नाही. फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करताना ही तक्रार मी सतत ऐकते. या लोकांनी व्यायाम मनापासून केलेला असतो, पण तो अर्ध्यावर थांबलेला असतो. स्नायूत ताकद असली तरी पाऊल जमिनीला टेकतं त्या क्षणी योग्य स्नायूनं वेळेवर आणि हवं तेवढंच काम करावं लागतं. ते शरीराला वेगळं शिकवावं लागतं, आणि बहुतेक कागदांवर ते नसतं.

पुढे दिलेला सराव घरी, खुर्ची, टॉवेल, भिंत आणि जिन्याची एक पायरी एवढ्या साहित्यात होतो. आधी गुडघ्यात काय बिघडतं ते वाचा. ते कळल्यावर व्यायाम करताना लक्ष कुठे द्यायचं हे आपोआप कळतं.

स्नायूंचं नेमकं काय होतं

कूर्चेला, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत आवरणाला, स्वतःचे मज्जातंतू नसतात, त्यामुळे ती झिजली तरी ती स्वतः दुखत नाही. दुखतं ते सांध्याचं आतलं अस्तर, कूर्चेखालचं हाड आणि सभोवतालचे बंध. म्हणूनच एक्स-रेमध्ये भरपूर झीज दिसणारा माणूस दिवसभर शेतात वावरतो आणि थोडी झीज असलेल्या बाईंना एक मजला चढणं नको होतं. एक्स-रे पाहून जी श्रेणी सांगतात ती केलग्रेन आणि लॉरेन्स या संशोधकांनी १९५७ साली मांडली. ती हाडांची स्थिती सांगते, तुम्ही कसं चालता ते तिला ठाऊक नसतं.

सांध्यात थोडं जरी पाणी साठलं तरी मांडीच्या पुढच्या स्नायूला, म्हणजे क्वाड्रिसेप्सला, जाणारा हुकूम मज्जारज्जूच्या पातळीवरच दाबला जातो. निरोगी माणसांच्या गुडघ्यात मुद्दाम निर्जंतुक मिठाचं पाणी भरून हे तपासलेलं आहे. २० ते ३० मिलिलिटर, म्हणजे चहाचे चार-सहा चमचे पाणी भरलं की वाटीच्या वर आतल्या बाजूला असणारा स्नायूचा भाग मंदावतो. ५०-६० मिलिलिटरला बाकीचे भागही मंदावतात. यात इच्छाशक्तीचा संबंध नाही. 'जोर लावा, आळस करू नका' असं घरच्यांनी कितीही सांगितलं तरी हुकूमच पोहोचत नसेल तर स्नायू आकसणार कसा? सुजलेल्या गुडघ्यावर जड वजनं बांधून व्यायाम करणाऱ्यांना यश येत नाही ते याच कारणानं.

दुसरा बिघाड याच्या उलट वाटतो. गुडघा अस्थिर आहे असं शरीराला वाटलं की ते मांडीचा पुढचा आणि मागचा स्नायू एकाच वेळी आणि गरजेपेक्षा जास्त वेळ आवळून धरतं. पाय ताठ होतो. चालताना टाच टेकल्यावर गुडघा थोडासा वाकून धक्का झेलायला हवा, तो वाकतच नाही. दोन्ही बाजूंनी आवळल्यामुळे सांध्यावरचा दाब मात्र वाढतो.

दाबाचा हा हिशेब मोजून पाहिलेला आहे. बर्लिनमधल्या संशोधकांनी कृत्रिम गुडघ्यातच मोजमापाची यंत्रणा बसवून २०१० साली आकडे प्रसिद्ध केले. सपाट जमिनीवर चालताना सांध्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीच पट भार येतो, जिना उतरताना सुमारे साडेतीन पट. ६० किलो वजनाच्या माणसाच्या गुडघ्यावर जिना उतरताना जवळजवळ २१० किलो येतात. एका पायावर नुसतं उभं राहिलं तरी भार अडीच पटीच्या घरात जातो. शरीराचं वजन तर एकपटच असतं, उरलेला भार मुख्यतः स्नायूंच्या ओढीतून येतो. म्हणजे स्नायू कसे वापरता यावर गुडघ्याचं बरंच सुखदुःख अवलंबून आहे.

याशिवाय गुडघा आत्ता किती वाकलाय हे न बघता ओळखण्याची क्षमता झीज असलेल्यांमध्ये कमी झालेली आढळते. कमरेच्या बाजूचा, नितंबाच्या वरच्या भागातला स्नायूही अशक्त असतो, त्यामुळे एका पायावर भार आला की कंबर एकीकडे झुकते आणि गुडघा आत ढळतो.

एक गोष्ट आधीच सांगते. मेलबर्न विद्यापीठाच्या गटानं २०१४ मध्ये, पाय बाहेर वाकलेल्या आणि गुडघ्याच्या आतल्या बाजूला झीज असलेल्या १०० जणांवर तुलना केली: निम्म्यांना फक्त मांडीची ताकद वाढवणारे व्यायाम, निम्म्यांना ताबा आणि तोल सुधारणारे. १२ आठवड्यांनी दोन्ही गटांचं दुखणं कमी झालं आणि जवळजवळ सारखंच कमी झालं. त्यामुळे तुमचा ताकदीचा व्यायाम छान चालला असेल, त्यानं बरं वाटत असेल, तर तो सोडू नका. तरीही मी ताबा शिकवण्यावर भर देते, कारण त्यात सराव रोजच्या हालचालींचाच होतो आणि 'मला उतरता येतं' हा विश्वास माणसाला तिथल्या तिथे मिळतो. डेन्मार्कमध्ये २०१३ पासून चालणारा 'ग्लॅड' नावाचा उपक्रम याच धर्तीवर आहे: आजाराची माहिती देणारी सत्रं आणि आठवड्यातून दोनदा असे सहा आठवडे, देखरेखीखाली १२ वेळा व्यायाम. पुढे अनेक देशांनी तो उचलला.

सुरुवात करण्याआधी

गुडघा लाल, गरम, सुजलेला आहे आणि ताप आहे. पडल्यानंतर पायावर उभंच राहता येत नाही. गुडघा मध्येच अडकतो आणि सरळच होत नाही. पोटरी एकाएकी सुजून दुखायला लागली आहे. रात्री आडवं पडूनही दुखणं थांबत नाही आणि वजन कारण नसताना घटतंय. यातलं काहीही असेल तर व्यायाम नको, आधी डॉक्टर. मधुमेहामुळे तळपाय बधिर असतील तर उभ्यानं करायचे सगळे सराव ओट्याला किंवा भिंतीला हात लावूनच करा. रक्तदाब असणाऱ्यांनी जोर लावताना श्वास रोखायचा नाही. मोठ्यानं आकडे मोजत राहिलं की श्वास आपोआप चालू राहतो.

आता एक छोटी चाचणी. साधारण १७ इंच म्हणजे ४३ सेंटिमीटर उंचीची, हात नसलेली खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. हात छातीवर घडी करा. ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहून परत बसता येतं ते कुणाला तरी मोजायला सांगा. अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेच्या तक्त्यानुसार ६० ते ६४ वयात पुरुषांचे १४ पेक्षा कमी आणि स्त्रियांचे १२ पेक्षा कमी आले तर ते सरासरीखाली. ७० ते ७४ वयात हेच आकडे १२ आणि १० आहेत. तुमचा आकडा शून्य आला तरी घाबरू नका. तो तारखेसह वहीत लिहा. सहा आठवड्यांनी तुलना करायला दुसरं काही लागत नाही.

मग आरशासमोर उभं राहून हळूच गुडघे थोडे वाकवा आणि बघा: वाटी पायाच्या अंगठ्याच्या शेजारच्या बोटाच्या रेषेत राहते की आत ढळते? दोन्ही पायांवर सारखा भार येतो की चांगल्या पायावर कलता? हे दोन दोष पुढे जवळजवळ प्रत्येक पायरीला समोर येतील.

किती दुखलेलं चालतं

झीज असलेल्यांच्या मनातली सगळ्यात मोठी भीती ही की दुखतंय म्हणजे आणखी झिजतंय. तसं नाही. कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात, तिचं पोषण सांध्यातल्या द्रवातून होतं, आणि तो द्रव आतबाहेर होण्यासाठी सांध्यावर भार पडणं आणि सुटणं आवश्यक असतं. बेताचा भार तिला हवाच असतो.

दुखण्याला ० ते १० गुण द्या. व्यायाम करताना २ पर्यंत असेल तर निर्धास्त राहा. २ ते ५ असेल तरी चालेल. ५ च्या वर गेलं तर वाकणं कमी करा, खुर्ची उंच घ्या, वेग कमी करा. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेपर्यंत दुखणं आणि सूज पूर्वीच्या पातळीवर यायला हवी. नाही आली तर पुढच्या वेळी आवर्तनं निम्मी करा. व्यायाम पूर्ण बंद करू नका.

पायरी १: झोपलेला स्नायू जागा करणं

गादीवर पाय लांब करून बसा. गुडघ्याखाली टॉवेलची बारीक गुंडाळी ठेवा. वाटीच्या वर, आतल्या बाजूला दोन बोटं टेकवा. आता पावलाची बोटं स्वतःकडे ओढा आणि गुडघ्यानं टॉवेल खाली दाबा. बोटांखालचा भाग टणक व्हायला हवा आणि वाटी किंचित वर सरकायला हवी. ५ सेकंद धरा, सोडा. असे १०, दिवसातून तीन वेळा.

नुसता पाय दाबला जातोय पण बोटांखाली मऊच लागतंय, असं पहिल्या आठवड्यात बऱ्याच जणांना होतं. नितंब आवळून किंवा मांडीचा मागचा भाग दाबून शरीर काम उरकतं. तेव्हा जोर वाढवू नका, कमी करा. चांगल्या पायावर आधी करून ती जाणीव ओळखा आणि मग दुखऱ्या पायाकडे या. गुडघा सुजलेला असेल तर आधी कापडात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटं ठेवून मग हा सराव केल्यास स्नायू जास्त चांगला प्रतिसाद देतो असं दिसतं.

सोडण्याकडेही तेवढंच लक्ष द्या. प्रत्येक वेळी स्नायू पूर्ण सैल पडेपर्यंत थांबा, वाटी हातानं इकडेतिकडे हलली पाहिजे. जे गुडघे कायम आवळलेले असतात त्यांना सैल होणं शिकवण्यात मला कधीकधी घट्ट करण्यापेक्षा जास्त वेळ द्यावा लागतो.

याच काळात एक सवय मोडा: झोपताना गुडघ्याखाली उशी घेणं. तेवढ्यापुरतं बरं वाटतं, पण रोज रात्रभर वाकलेला गुडघा हळूहळू सरळ व्हायचाच थांबतो. पूर्ण सरळ न होणाऱ्या गुडघ्यावर उभं राहताना मांडीच्या स्नायूला क्षणभरही सुटी मिळत नाही. त्याऐवजी दिवसातून दोनदा टाचेखाली उशी ठेवून गुडघा अधांतरी सोडा आणि पाच मिनिटं तसेच पडून राहा.

पायरी २: खुर्चीतून उठणं आणि बसणं

एकच व्यायाम करायला वेळ असेल तर हा करा. दिवसभरात आपण हे असंख्य वेळा करतो आणि चुकीचं करतो.

उंच खुर्चीपासून सुरुवात करा, लागली तर बसण्याच्या जागेवर घडी केलेलं जाड पांघरूण ठेवा. जरा पुढे सरका. पावलं एकमेकांपासून कमरेच्या रुंदीएवढी लांब आणि गुडघ्यांच्या थोडी मागे घ्या. पाठ सरळ ठेवून कमरेतून पुढे झुका, इतकं की नाक गुडघ्यांच्या रेषेत येईल. मग दोन्ही टाचांनी जमीन ढकला आणि उठा. पूर्ण सरळ उभे राहा, नितंब आवळा. बसताना चार आकडे मोजत खाली या आणि शेवटच्या इंचापर्यंत स्वतःला धरून ठेवा.

शेवटच्या इंचालाच सगळी परीक्षा असते. खाली येताना स्नायू लांबत जाऊन भार पेलतो. जिना उतरताना हेच कौशल्य लागतं. धप्पकन बसणारा माणूस जिनाही धपधप उतरतो.

चुका ठरलेल्या असतात. चांगला पाय नकळत मागे घेतला जातो म्हणजे सगळा भार त्याच्यावर जातो. पावलं सारख्या रेषेत आहेत का ते प्रत्येक वेळी बघा. दोन वजनकाटे मिळाले तर एकेका पायाखाली एकेक ठेवून उभे राहा, आकडेच खरं काय ते सांगतात. उठताना गुडघे एकमेकांकडे झुकतात. त्यासाठी गुडघ्यांच्या वर जुनी ओढणी सैलसर बांधा आणि उठताना ती बाहेर ताणून ठेवा. आणखी एक चूक म्हणजे कंबर न झुकवता ताठ उठणं. त्यात सगळा भार गुडघ्यावर येतो. नीट पुढे झुकलात की तोच भार नितंबाचे मोठे स्नायू वाटून घेतात.

हात लावल्याशिवाय उठता येत नसेल तर मांड्यांवर तळवे टेकवा. तेही जमत नसेल तर खुर्ची आणखी उंच करा. १० वेळा करा, दोन मिनिटं विश्रांती, पुन्हा १०. शेवटची दोन-तीन उठणं कष्टाची वाटली पाहिजेत. सलग तीन वेळा सहज जमलं की पांघरुणाची एक घडी काढा. नेहमीच्या खुर्चीवर दोनदा १५ जमले की दुखरा पाय किंचित मागे आणि चांगला थोडा पुढे ठेवा, म्हणजे जास्त काम दुखरा पाय करेल.

पहिल्या तीन-चार आठवड्यांत आकडा भराभर वाढतो. एवढ्यात स्नायू जाड झालेला नसतो, मेंदू त्याला चांगलं वापरायला शिकलेला असतो. मांस भरायला दोन-तीन महिने लागतात. 'मांडी तर तेवढीच दिसते' म्हणून महिन्याभरात सोडून देऊ नका.

पायरी ३: एका पायावर भार

ओट्याला पाठ न टेकवता, बाजूला हात पोहोचेल असे उभे राहा. भार सावकाश दुखऱ्या पायावर न्या, दुसऱ्या पायाची टाच उचला, बोटं जमिनीवरच राहू द्या. कंबर आडवी राहिली पाहिजे. आरशात सलवारीच्या किंवा लेंग्याच्या नाडीची रेषा बघा: ती एकीकडे उतरली तर नितंबाच्या बाजूचा स्नायू थकलाय. १० सेकंद, पाच वेळा. जमलं की बोटंही उचला.

उभं राहताना गुडघा मागे ढकलून कुलूप लावल्यासारखा ठेवू नका. अगदी किंचित वाकलेला, पण स्थिर. सुरुवातीला तो थरथरेल आणि ते चांगलं आहे, स्नायू छोट्याछोट्या दुरुस्त्या करायला शिकतोय. यानंतर मान हळूहळू डावीउजवीकडे वळवा. नंतर हातात पाण्यानं अर्धा भरलेला तांब्या घेऊन तसंच उभे राहा. डोळे मिटून करण्याचा मोह मात्र साठीपुढच्यांनी घरी एकट्यानं करू नये.

पायरी ४: जिना

घरातल्या पायऱ्या साधारण सहा-सात इंच उंच असतात. सुरुवातीला ती उंची जास्त होते. तीन-चार इंचांचा पक्का, न घसरणारा पाट किंवा उंबरठ्याची पायरी शोधा. दुखरा पाय पूर्ण वर ठेवा, टाचेसकट. कमरेतून थोडं पुढे झुका आणि त्याच पायाच्या जोरावर वर या. खाली राहिलेल्या पायानं उडी मारल्यासारखा धक्का द्यायचा नाही, ही या सरावाची मुख्य अट आहे. त्या पायाची बोटं वर उचलून ठेवली तर फसवणूक करता येत नाही. वाटी दुसऱ्या बोटाच्या रेषेत. ८ ते १० वेळा, दोन फेऱ्या.

उतरणं याच्या नंतर, किमान दोन आठवड्यांनी. दुखरा पाय वर, चांगला पाय हळूच खाली सोडायचा, टाच जमिनीला अंडं फुटणार नाही इतकी हलकी टेकवायची आणि परत वर. आधी बाजूला उतरा, ते सोपं जातं. मग पुढे. कठड्यावर हात ठेवण्यात कमीपणा नाही.

प्रत्यक्ष जिना चढताना-उतरताना, गुडघा फार दुखत असलेल्या दिवसांत, चढताना चांगला पाय आधी आणि उतरताना दुखरा पाय आधी, एकेक पायरी. सराव वाढला की पुन्हा आळीपाळीनं पाय टाकायला लागा. ही तात्पुरती पद्धत वर्षानुवर्षं ओढणाऱ्यांचा दुखरा पाय आणखी आळशी होतो.

पायरी ५: चालणं सैल करणं

ताबा म्हणजे सगळं घट्ट धरणं असा समज करून घेऊ नका. पंधरा-वीस पावलांची मोकळी जागा घ्या. पहिल्या फेरीत फक्त ऐका: दोन्ही पावलांचा आवाज सारखा येतो का? दुखऱ्या बाजूचा आवाज जड किंवा घसटता असेल तर पावलं थोडी लहान करा आणि टाच टेकताना गुडघा मऊ सोडा. आवाज कमी करणं एवढंच लक्ष्य ठेवा. आवाज कमी झाला की गुडघा धक्का झेलायला लागला असं समजा.

काठी घ्यायची वेळ आली तर ती चांगल्या बाजूच्या हातात धरायची आणि दुखऱ्या पायाबरोबर पुढे टाकायची. बहुतेक जण उलट धरतात. उभं राहून हात सैल सोडल्यावर मनगटाच्या घडीपर्यंत काठीची मूठ यावी. काठीमुळे म्हातारपण दिसतं म्हणून टाळणाऱ्या कितीतरी बायका लंगडत चालत दुसरा गुडघाही दुखवून घेतात, याचं मला फार वाईट वाटतं.

वजनाबद्दल एकच आकडा: जास्त वजन असलेल्या झीजग्रस्तांच्या अभ्यासात दिसलं की घटलेल्या प्रत्येक किलोमागे चालताना दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो.

पायरी ६: अचानक येणाऱ्या गोष्टी

फुटपाथवरची सैल फरशी, बसचा धक्का, पायात येणारं मांजर. अशा वेळी विचार करायला वेळ नसतो, स्नायूंना आपणहून प्रतिसाद द्यावा लागतो. पहिल्या चार पायऱ्या पाच-सहा आठवडे नीट झाल्यावरच इकडे या. ओट्याजवळ उभे राहून घरातल्या कुणाला तरी खांद्याला हलके धक्के द्यायला सांगा, कोणत्या बाजूनं ते न सांगता. जाड घडी केलेल्या सतरंजीवर एका पायावर उभे राहा. आठच्या आकड्यात चाला. बाजूला चाला, मागे चाला. चालता चालता कुणी हाक मारली की तिथेच थांबा आणि वळा. वळताना पाऊल रोवून गुडघा पिळायचा नाही, दोन-तीन छोटी पावलं टाकत वळायचं.

खाली बसण्याचं काय

मांडी घालणं, उकिडवं बसणं, भारतीय पद्धतीचा संडास. परदेशी कार्यक्रमांत याला फारशी जागा नसते, आपल्याकडे पहिला प्रश्न हाच असतो. रोज तासन् तास उकिडवं बसून किंवा गुडघे टेकून करायच्या कामांचा झीजेशी संबंध दिसलेला आहे, आणि खोल वाकलेल्या गुडघ्यात वाटीमागचा दाब वाढतो. सूज असताना, किंवा बसल्यावर गुडघा ५ च्या वर दुखत असेल, तर हे टाळा. संडासात कमोड किंवा वर ठेवायची खुर्ची घ्या, भाजी टेबलावर निवडा. पण प्रत्येकाला 'आता आयुष्यात खाली बसू नका' असं सांगणं मला पटत नाही. पूजेला, पंगतीला, नातवंडांशी खेळायला माणसाला खाली बसायचं असतं, आणि न वापरलेली हालचाल कायमची जाते.

बसायचा सराव असा: खुर्चीच्या बैठकीवर दोन्ही हात टेका, चांगला पाय पुढे ठेवून दुखरा गुडघा उशीवर टेकवा, मग दुसरा, मग एका कुशीवर बसा. उठताना खुर्चीकडे तोंड करा, गुडघ्यांवर या, चांगलं पाऊल पुढे रोवा, हात आणि तो पाय यांच्या जोरावर उठा. बसल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी पाय लांब करा. जाड पाट किंवा दोन उशा घेऊन बसलात तर गुडघा कमी वाकतो. पडल्यावर एकट्यानं उठायला हीच पद्धत कामी येते, म्हणून ज्यांना खाली बसायची हौस नाही त्यांनीही ती शिकावी.

आठवडा कसा लावायचा

पायरी १ रोज. पायरी २ ते ४ आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एक दिवस सोडून. चालणं रोज, जमेल तेवढं, एका दमात अर्धा तास होत नसेल तर दहा मिनिटं तीनदा. घाई करणारे लोक पहिल्याच दिवशी सहाही पायऱ्या करून बघतात आणि तिसऱ्या दिवशी गुडघा धरून बसतात. एका वेळी एकच गोष्ट वाढवा: उंची, आवर्तनं किंवा वेग.

लग्नघरात राबल्यावर किंवा लांबच्या प्रवासानंतर गुडघा पुन्हा भडकेलच. दोन-तीन दिवस पायरी १ वर परत या, बर्फ ठेवा, सपाटीवर थोडं चालत राहा, मग उंच खुर्चीपासून पुन्हा सुरू करा. मागे मिळवलेलं इतक्यात जात नाही.

गुडघ्यातून कटकट आवाज येतो पण दुखत नाही, सुजत नाही, तर तिकडे लक्ष देऊ नका. गुडघ्याचा पट्टा बाहेर जाताना घातलात तर हरकत नाही, विश्वास वाटतो. पण सराव करताना तो काढा. ग्लुकोसामाइनच्या, म्हणजे कूर्चेसाठी म्हणून घेतल्या जाणाऱ्या, गोळ्यांवर महिन्याला खर्च होणारे पैसे मी फिजिओथेरपीच्या दोन-तीन भेटींवर घालवायला सांगेन: अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजी या सांधेविकारतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०१९ च्या शिफारशींत या गोळ्यांच्या विरोधात स्पष्ट मत आहे, आणि व्यायामाच्या बाजूनं तितकंच ठाम. त्याच यादीत ताई ची या संथ चिनी व्यायामाचीही जोरदार शिफारस आहे. योगासनं आवडत असतील तर करा, वज्रासन सोडून.

सांधा बदलायचा सल्ला मिळालेल्यांनीही हा सराव करावा. शस्त्रक्रियेनंतर मांडीचा पुढचा स्नायू काही काळ आणखी मंदावतो. आधीपासून जागा असलेला स्नायू घेऊन गेलात तर नंतरचं चालणं लवकर रुळावर येतं.

फिजिओथेरपिस्ट निवडताना एकच बघा: ते तुम्हाला उभं करून, चालवून, पायरी चढायला लावून बघतात का? नुसत्या मशिनची शेक देऊन घरी पाठवत असतील तर दुसरीकडे जा. पहिल्या भेटीला आकड्यांची वही न्या, आणि घरातल्या जिन्याचे, संडासाचे, झोपायच्या पलंगाचे फोटो मोबाइलवर काढून न्या. पायरीची आणि पलंगाची उंची टेपनं मोजून लिहून नेली तर दवाखान्यात नेमक्या त्याच उंचीवर सराव करून घेता येतो.